संपेल तेच वाण!

संक्रांतीचं हळदीकुंकू करणाऱ्या आणि हळदीकुंकवाला जाणाऱ्या सगळ्या जणींना कळकळीची विनंती



पुढचं वाचण्याआधी एक काम करा. ओट्याखालचं कपाट उघडा आणि मागच्या चार-पाच संक्रांतींत आलेलं वाण बाहेर काढा. हे पत्रक लिहायला बसलो तेव्हा आमच्यातल्या एकीने तेच केलं. निघालं ते असं: झाकण न बसणारे सात प्लास्टिकचे डबे, चहाच्या चार गाळण्या, तीन साबणदाण्या, एकाच लिंबात दांडा मोडलेलं लिंबू पिळायचं यंत्र आणि चकचकीत वेष्टनातून बाहेरही न आलेली कुंकवाची डबी. त्या डबीवर देणारीच्या नावाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. जिने ती दिली, तिने प्रेमानेच दिली. जिने घेतली, तिनेही नमस्कार करून घेतली. तरीही ती डबी तीन वर्षं अंधारात पडून राहिली, कारण त्या घरात कुंकवाची डबी आधीच होती. सगळ्यांच्याच घरी असते.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. वाण असं असावं की जे महिन्याभरात वापरून, खाऊन किंवा पेरून संपेल. जे संपत नाही, ते देऊ नये.

हे काही नवं खूळ नाही. उलट जुन्या रीतीकडेच बोट दाखवतो आहोत. सुगडात काय घालतो आपण? उसाचे करवे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. पौषात शेतात जे पिकतं ते. घाटावरच्या गावांत आजही बायका ववसायला देवळात जातात आणि एकमेकींच्या ओटीत हेच घालतात. घरी आल्यावर पोरं बोरं-ऊस संपवतात, गाजर भाजीत जातं, मातीचं सुगड उरतं. मागे कचरा म्हणून काही राहत नाही. 'वाण लुटायचं' म्हणतो ना आपण? लुटायची ती सुगी. कारखान्यातून डझनाने निघालेली साबणदाणी लुटून कुणाच्या घरात काय भर पडते?

आता बाजार बघा. डिसेंबर सरत आला की पुण्यात तुळशीबागेत आणि बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला वाणाच्या सामानाचे ढीग लागतात. 'दहाला एक, शंभराला डझन.' घेताना आपण वस्तू बघत नाही, डझनाचा भाव बघतो. मग त्या डझनाला शोभा यावी म्हणून चंदेरी कागद, जाळीची पोटली, चमकीची फीत, वर नावाचं स्टिकर. कित्येकदा आतल्या वस्तूपेक्षा वरच्या सजावटीलाच जास्त पैसे पडतात. दहा रुपयांची गाळणी आणि बारा रुपयांची पोटली!

साधा हिशेब मांडू. एका इमारतीत वीस घरी हळदीकुंकू झालं आणि प्रत्येकीने तीस जणींना वाण दिलं, तर एका इमारतीतून सहाशे वस्तू वाटल्या गेल्या. सहाशे वस्तू आणि सहाशे वेष्टनं. या वीस घरांपैकी कोणाला गाळणीची नड होती?

वेष्टनाबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण इथे आपली सरळसरळ फसगत होते. दुकानात ज्याला 'गिफ्ट पेपर' म्हणतात, त्यातला चकाकणारा बहुतेक माल कागद नसतोच. ती प्लास्टिकची पातळ फिल्म असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. ओळखायची खूण सोपी आहे. तुकडा मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. कागद चुरगळलेला राहतो, प्लास्टिक हळूहळू उलगडायला लागतं. घरात पडलेल्या एखाद्या तुकड्यावर आजच करून बघा. 'कापडी' म्हणून मिळणाऱ्या त्या मऊ, रंगीत, बारीक ठिपक्या-ठिपक्यांच्या पिशव्यांचंही तेच. विणलेलं सूत त्यात नाही, ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. अशी पिशवी दोन उन्हाळे गॅलरीत राहिली तर हाताला भुगा लागतो.

असली मुलाम्याची फिल्म भंगारवाला घेत नाही. कचरा वेचणाऱ्या बायकांना विचारा. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती याच बायकांच्या संघटनेतून. त्या नावातच बघा, कागद, काच, पत्रा, ज्याला मोल येतं ते. चमकीच्या फितीला आणि चंदेरी फिल्मला मोल येत नाही. ते वेगळं काढण्यात त्या बाईचा घटकाभर वेळ जातो आणि हातात दमडी पडत नाही. आपल्या हळदीकुंकवाची शोभा दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या कष्टात जमा होते, हे आम्हाला खुपतं.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, आणि त्या यादीत मिठाईच्या खोक्यांभोवती व निमंत्रणपत्रिकांभोवती गुंडाळायची फिल्म नाव घेऊन आहे. तरी दिवाळीत घरी आलेली खोकी आठवा. पोलिसाची वाट कशाला बघायची? फिल्म गुंडाळलेलं खोकं दुकानातच परत करा आणि 'हे काढून द्या' म्हणा. चार गिऱ्हाइकांनी म्हटलं की पाचव्याला दुकानदार आपणहून काढून देतो.

आणि ती मांडवातली हळदीकुंकवं! पालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की इच्छुकांना वॉर्डातल्या भगिनींची आठवण होते. रांगा लागतात, टोकन वाटतात, आणि हातात पडतो पुढाऱ्याचा फोटो छापलेला प्लास्टिकचा डबा किंवा बादली. बायांनो, ते वाण नव्हे, मताचा विसार आहे. घेऊ नका. ज्याला वॉर्डातल्या बायकांना काही द्यायचं आहे, त्याने वॉर्डातलं सार्वजनिक स्वच्छतागृह धुऊन, दिवा लावून, आतून कडी बसवून द्यावं.

'मग द्यायचं काय?' असं लगेच विचारलं जातं. 'पद्धत आहे, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?' पाठवू नकाच.

हळदीकुंकू म्हणतो, तर हळदच द्या. जानेवारीत ओली हळद बाजारात येते. सांगलीच्या हळदीला तर 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ओल्या हळदीचं एक बोट माती पुसून दिलं तर जिला लोणचं घालायचं ती घालील, जिला लावायचं ती कुंडीत लावील. पाव किलो गूळ द्या. पांढरे तीळ द्या. कारळ्याची, जवसाची नाहीतर शेंगदाण्याची घरी कुटलेली चटणी द्या. तुमच्या हाताची चव दुसऱ्या घरी जाते, यासारखं वाण नाही. बचत गटाकडून शिकेकाई, उटणं, वाती, सांडगे घ्या, म्हणजे पैसा शेजारच्याच बाईच्या हातात राहील.

सगळ्यात स्वस्त वाण मेथीचं. डब्यातलेच मेथीदाणे घ्या. एकेका पुडीत दोन चमचे पुरे. तीस पुड्यांना अर्ध्या किलोच्या आतच दाणे लागतात आणि एका पोटलीच्या भावात निदान चार-पाच जणींचं वाण होतं. देताना सांगा: रिकाम्या सुगडाला तळाला भोक पाडा, माती भरा, दाणे रात्रभर भिजवून वर भुरभुरा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात, महिन्याभरात भाजीला येते. धणे देणार असाल तर आधी हलकेच रगडून दोन फाकी करायला सांगा, नाहीतर उगवण कमी होते. मात्र सुगड साधं, कुंभाराच्या भट्टीतलंच घ्या. ऑइलपेंट आणि चमकी फासलेल्या सुगडात भाजी पेरू नका.

एक सावधगिरी. 'इको-फ्रेंडली' अशी चिठ्ठी लावून बांबूचे ब्रश, तागाच्या पिशव्या, लाकडी चमचे दुप्पट भावाने विकायची नवी टूम निघाली आहे. विसावी कापडी पिशवीसुद्धा अडगळच असते. वस्तू कशाची आहे हे मागाहून बघा. ती घेणारीच्या घरात संपणार आहे का, हे आधी विचारा.

बांधायचं कशात? पोथी आपण कशात बांधतो? बासनात. जुन्या सुती साडीचे वीतभर चौकोन कापा, धुऊन इस्त्री करा, चार टोकांची गाठ मारा. झालं बासन. ते पुन्हा लाडवांवर झाकायला, डबा पुसायला येतं. वर्षानुवर्षं घरोघर फिरणारे ब्लाउजपीस कपाटात असतील तर त्यांचेही तुकडे करा, निदान त्यांचा फेरा तरी सुटेल. तिळगुळाला पळसाचा द्रोण घ्या, वर केळीचं पान, त्याला सुती दोरा, फुलवाला पुडी बांधतो तसा. वर्तमानपत्रात फक्त बी-बियाणं बांधा. छपाईची शाई खाण्यात उतरते, म्हणून तिळगूळ त्यात कधीही नको. पोरांच्या बोरनहाणालाही गोळ्या-चॉकलेटांच्या चकचकीत पुड्यांऐवजी बोरं, चुरमुरे, हलवा आणि उसाचे करवे आणा. खाली पडलं ते पाखरं-मुंग्या संपवतील.

आणखी एक. वाण स्वस्त झालं की यादी लांबवता येते. पंधरा जणींऐवजी तीस जणींना बोलवा. घरकाम करणारी ताई, जिना झाडणारी मावशी, आणि नवरा गेला म्हणून जिला आजवर उंबऱ्याबाहेर ठेवलं ती शेजारीण. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव करू शकतं, तर आपला मजला का नाही?

यंदा 'मोठं वाण काढा' असं सासूबाई म्हणतील, जाऊबाई नाक मुरडतील. त्यांना हे पत्रक वाचायला द्या, भांडू नका. आणि भोगीच्या आत तुमच्या जिन्यातल्या निदान तीन घरांशी बोलून ठरवा की या वर्षी आपल्याकडे संपेल तेच वाण.

हे पत्रक साध्या कागदावर छापलं आहे आणि मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. वाचून झाल्यावर चार तुकडे करा. प्रत्येकात दोन चमचे मेथी मावते.