बिल्डिंग बघून ठेव ठेवू नका!

परवा तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या नव्या कार्यालयाच्या उद्घाटनाला बातमीसाठी गेलो होतो. काचेचं दार, चकचकीत ग्रॅनाइट, गारेगार एसी. शेजारी बसलेले एक बाबा म्हणाले, "एवढी मोठी बिल्डिंग बांधलीय, म्हंजे पैसा कुठं जात न्हाई!"

बाबा, इथंच तर आपण फसतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका बचत बँकेनं १९३२ साली ३६ मजली इमारत उभी केली. बँक १८१६ सालची! तरी डिसेंबर १९९२ मध्ये ती बुडीत निघाली, सरकारी यंत्रणेनं ताब्यात घेतली. इमारत मात्र ठणठणीत. २००० सालापासून तिथं हॉटेल चालतंय, गच्चीवर बँकेची लाल आद्याक्षरं अजून आहेत. ठेवीदार वाचले ते ३६ मजल्यांमुळं नाही. ठेवींना विमा होता आणि त्या दुसऱ्या बँकेकडं सोपवल्या गेल्या म्हणून.

एवढं लांब तरी कशाला जायचं? आपली नगर अर्बन बँक १९१० सालची. रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ ला तिचा परवाना रद्द केला. शंभरी ओलांडलेलं नाव पण कामाला आलं नाही. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विमा तरी असतो. तो विमा पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हे उद्घाटनाच्या भाषणात कोणी सांगितलं का? मी तरी ऐकलं नाही.

आपल्या पारनेरचा पैसा कसला आहे? मुंबईत राबलेल्यांचा, फौजेतून रिटायर झालेल्यांचा, कांद्याच्या पट्टीचा. तो ग्रॅनाइट बघून ठेवायचा?

राज्याच्या सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं सभासदाला ऑडिट झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कार्यालयात फुकट बघता येतं. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. आपण सभेला जातो, नाश्त्याचं पाकीट घेतो, "मंजूर, मंजूर" म्हणतो आणि घरी येतो. चूक एकट्या संचालकांची नाही राव, आपली पण आहे.

यंदा सभेत उठून तीनच प्रश्न विचारा. थकबाकी किती? संचालकांच्या नातेवाइकांना कर्ज किती? या बिल्डिंगला खर्च किती आला?

उत्तर टाळलं, तर ठेव काढायला दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.