कुकरची रिंग आणि गाडीचं पॅकिंग



कुकरच्या कडेने वाफ जायला लागली, डाळीचं पाणी बाहेर ओघळायला लागलं की आपण काय करतो? रिंग काढून बघतो. कडक झाली असेल तर नवी आणून बसवतो. त्यासाठी कारागीर बोलवत नाही, की कुकर मोडीत काढत नाही. मग गाडीच्या इंजिनातून तेल गळायला लागलं की आपण एवढ्या का घाबरतो? किंवा "जुनी गाडी आहे, गळायचंच" म्हणून सोडून का देतो?

मीही सोडूनच दिलं होतं. आमची पेट्रोलची गाडी १३ वर्षांची. पार्किंगच्या फरशीवर महिनाभर काळे डाग पडत होते आणि मी त्यावर भुसा टाकून झाडून घेत होते. मग एकदा कुंभोज बाहुबलीहून परत येताना जळक्या तेलाचा वास आला. मी म्हटलं तर हे म्हणाले, "पुढच्या ट्रकचा असेल." मी गप्प बसले. घरी येऊन बॉनेट उघडलं तर आतून धूर! इंजिनवरून ओघळलेलं तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपवर पडत होतं. असं तेल पेटही घेऊ शकतं, आणि मागच्या सीटवर आमची नात झोपली होती. करपलेली फोडणी दुसऱ्या खोलीत कळते ते नाक माझं, पण गाडीचा विषय म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. याची खंत अजून आहे.

गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "चेंबरचं पॅकिंग आणि मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अकरा हजार." मी बी.कॉम. झालेली बाई, व्हाउचर बघितल्याशिवाय खर्च लिहायचा नाही ही जुनी सवय. मी विचारलं, "तेल नक्की कुठून येतंय ते दाखवा." त्याने खालचा ओला चेंबर दाखवला.

इथेच माझं पहिलं म्हणणं आहे. गळती कुठून आहे हे दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. तेल वरून खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागेही जातं. म्हणून सगळ्यात खालचा ओला भाग हा पुरावा नाही. सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा.

माझा भाचा कामाला उत्साही आहे. त्याने इंजिन गार असताना डीग्रीझरने बाहेरून साफ केलं. दोन दिवस गाडी बाजारात नेऊन आणली आणि मग टॉर्च लावून पाहिलं. इंजिनच्या माथ्यावर जे झाकण असतं, ज्याला मेकॅनिक टॅपेट कव्हर म्हणतात, त्याची कड ओली होती. खालचा चेंबर कोरडा! म्हणजे गेलं होतं फक्त वरचं रबरी पॅकिंग. ते सव्वाचारशे रुपयांना मिळालं.

रविवारी सकाळी आम्ही दोघांनी काम काढलं. इंजिन पूर्ण गार, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. जी वायर काढली तिचा आधी फोटो. कव्हर उचलण्याआधी भोवतालची माती पुसून घेतली, कारण एक खडा आत पडला तर नुकसान मोठं. जुनं पॅकिंग वाळलेल्या पापडासारखं तुकड्या-तुकड्यांनी निघालं. खाच साफ करायला प्लॅस्टिकची पट्टी घेतली. लोखंडी सुरीने ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि पुन्हा तिथूनच तेल झिरपतं. सिलिकॉन फक्त सांध्याच्या कोपऱ्यांवर, तेही थेंबभर.

आणि मग चूक केली. पुन्हा गळू नये म्हणून भाच्याने बोल्ट जीव खाऊन आवळले. आठ दिवसांत कड परत ओली. जास्त आवळलं की रबर चेपून बाहेर सरकतं, बारीक बोल्ट तुटूही शकतो. दुसऱ्यांदा नवं पॅकिंग आणलं, टॉर्क पाना मागून आणला, आणि मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं आवळत गेलो. असे बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरचे असतात, पण आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातलाच आकडा धरायचा. आता सहा महिने झाले, फरशी कोरडी आहे.

दुसरं म्हणणं कारणाचं. शिट्टीत डाळ अडकली की नवी रिंगही वाफ धरत नाही. इंजिनातही आतला दाब बाहेर सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही. तो चिकटला तर दाब वाढून तेल पॅकिंगमधून बाहेर ढकललं जातं. आमचा काजळीने भरला होता, तो बदलला. पॅकिंग बदलून हे तपासलं नाही तर पैसे पाण्यात.

आता मर्यादा. घरी करायचं ते एवढंच, वरचं. चेंबरसाठी गाडीखाली जावं लागतं, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, मुलालाही नाही आणि नवऱ्यालाही नाही. मागच्या सीलसाठी खरंच गिअरबॉक्स उतरतो. आणि डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसलं, कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवूच नका; ते हेड गॅस्केटचं दुखणं असू शकतं. तिथे चांगल्या मेकॅनिकला योग्य पैसे द्यावेत, घासाघीस करू नये.

आणि एक राहिलं. तेलाची चिंधी, निथळलेलं तेल मोरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. वापरलेलं इंजिन ऑइल हा कायद्यानेही घातक कचरा आहे. आम्ही ते डब्यात भरून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात दिलं. पाणी गाळून पिणाऱ्या घरातून पावसाळ्यात ते तेल गटारात वाहत गेलं, तर गाळण्याला अर्थ काय राहिला?

पाना हातात घ्याच असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन गार असताना, डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघा. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा, सकाळी डाग पाहा. आणि वास आला तर गप्प बसू नका. गाडी थांबवायला सांगा.