आरोपपत्राआधीचे नाट्य

2019 च्या 15 फेब्रुवारीस अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ‘प्रूव्हन इनोसंट’ नावाची मालिका सुरू झाली. तिची नायिका मॅडलिन स्कॉट हिला अल्लड वयात मैत्रिणीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली भावासह शिक्षा झालेली असते. दहा वर्षांनी निर्दोष सुटल्यावर ती स्वतःच वकिलीची सनद मिळविते, शिकागोत निरपराध बंदिवानांची प्रकरणे हाती घेते, आणि ज्या सरकारी वकिलाने तिला तुरुंगात धाडले तोच पदोपदी तिला आडवा येतो. तेरा भागांनंतर वाहिनीने मालिका गुंडाळली, याचे प्रस्तुत लेखकास फारसे दुःख झाले नाही.

परंतु ती सुरू होऊन तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच 5 मार्च 2019 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात असा निकाल दिला की त्यापुढे ती सारी पटकथा फिकी पडावी. जून 2003 मध्ये नाशिक परिसरात एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. आणि त्या भीषण गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील, मोलमजुरीवर पोट भरणारे सहा इसम पकडले गेले. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली. पुढल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून उरलेल्या तिघांस जन्मठेप दिली. आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्याच पंक्तीत बसविले. सहा जणांपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे निष्पन्न व्हायलाही पुढे काही वर्षे जावी लागली. अखेर त्याच न्यायालयाने फेरविचारार्थ प्रकरण नव्याने ऐकले आणि सहाही जणांना निर्दोष ठरविले. तोवर सोळा वर्षे सरली होती.

हे सत्य कोणा चतुर वकिलाने ऐन वेळी उलटतपासणीत बाहेर काढले, असे मात्र मुळीच नाही. त्या हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत, पोलिसांनीच दाखविलेल्या सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून, चार भलत्याच इसमांस ओळखले होते आणि तिचा तसा जबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदलाही गेला होता. त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही. म्हणजे संशयाचे बीज पहिल्याच आठवड्यात पडलेले असताना त्याची दखल घेण्यास तीन पायऱ्यांच्या न्यायव्यवस्थेला दीड दशकाहून अधिक काळ लागला. न्यायालयाने तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला आणि प्रत्येकास पाच लाख रुपये देवविले.

भिवंडीच्या वाचकास हे ऐकून विस्मय वाटण्याचे कारण नाही. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीतून येथे जो दंगा उसळला, त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाने दंगेखोरांइतकाच कठोर शब्दांचा मारा विशेष तपास पथकावर केला. दोषी कोण नि निर्दोष कोण हे न पाहता जास्तीत जास्त मुसलमानांना गुंतवावे आणि जास्तीत जास्त हिंदूंना वगळावे, अशा पद्धतीने हे पथक वागले, असा त्या आयोगाचा निष्कर्ष आहे. 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष सोडले, त्याविषयी मात्र येथे अधिक लिहीत नाही. सरकार त्याविरुद्ध वर गेले आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्यत्र दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली आहे.

म्हणून मालिकाकारांस माझे सांगणे असे की, हे नाट्य न्यायालयात शोधू नका. ते पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यात, कोऱ्या पंचनाम्यावर घेतलेल्या सह्यांत, तेच तेच नाव सांगणाऱ्या पंचांत, आणि आरोपपत्र मुदतीत सादर करण्याच्या घाईत असते. आपल्याकडील मराठी मालिकांत न्यायालय येते ते बहुधा सासूसुनांच्या कलहाचा निकाल लावण्यापुरते, आणि तेथील वकील एवढ्या तारस्वरात युक्तिवाद करतात की खऱ्या न्यायाधीशाने त्यांस तत्काळ बाहेर घालविले असते. ठाण्यातला हवालदार आणि त्याच्या टेबलावरची कागदपत्रे ही पात्रे अजून कोणाला सुचलेली नाहीत.

मालिकेत शेवटच्या भागात दार उघडते आणि संगीत वाजते. आपल्याकडे नुकसानभरपाईचे दारही बंदच आहे. विनाकारण अटक झालेल्या माणसास कायद्याने मिळू शकणारी रक्कम फार तर एक हजार रुपये, आणि तीही अटक करविणाऱ्या फिर्यादीकडून. दीर्घ कारावासानंतर निर्दोष सुटलेल्यासाठी तेवढीही तरतूद नाही, ज्याला मिळते त्याला न्यायालयाच्या मर्जीने. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये आपल्या 277 व्या अहवालात अशा लोकांच्या भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद व विशेष न्यायालये सुचविली. परंतु 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्यातला तो हजाराचा आकडा तेवढा जसाच्या तसा उचलला आहे.