किरकोळ फेरबदल आणि उद्यानांची जमीन

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 37 खाली उद्यानांची आरक्षणे वगळण्याच्या ज्या सूचना अलीकडे एकामागून एक प्रसिद्ध झाल्या, त्यांच्या अनुषंगाने निरनिराळ्या गावांतील रहिवाशांची पत्रे आमच्याकडे आली असून, जागा जाणार या दुःखाइतकीच हरकत घेण्याच्या रीतीविषयीची तक्रार त्यांत आहे. राजपत्रातील सूचनेत जागेचा निर्देश केवळ नगर भूमापन क्रमांकाने आणि आरक्षण क्रमांकाने केलेला असतो; आपली मुले रोज जिथे खेळतात ती जागा हीच, हे त्या आकड्यांवरून सामान्य माणसाने कसे ताडावे? भाग नकाशा पाहावा तर तो नगररचना विभागात, कचेरीच्या वेळात. आणि त्याची प्रमाणित नक्कल हाती पडेपर्यंत हरकतींची एक महिन्याची मुदत सरत आलेली असते. इतके सोसून जो सुनावणीस हजर होतो, त्याला ‘तुमचा या मिळकतीशी संबंध काय’ असे विचारणारे अधिकारी आजही आहेत, हे आम्हांला संतापजनक वाटते, कारण कायद्याने हरकतीचा हक्क कोणत्याही व्यक्तीस दिलेला आहे.

या प्रश्नाचा निकाल 1991 सालीच लागला आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास विस्तारातील उद्यानाची जागा रुग्णालयासाठी एका खाजगी न्यासास देण्यात आली, तेव्हा शेजारच्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे, आणि रुग्णालय कितीही उपयुक्त असले तरी उद्यानासाठी राखलेली भूमी त्याकरिता वळवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे 1999 मध्ये, लखनौच्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेच्या संमतीने उभे राहत असलेले भूमिगत बाजारसंकुल पाडून उद्यान पूर्ववत करावे, असा हुकूम त्याच न्यायालयाने दिला.

परंतु दोष केवळ लोकप्रतिनिधींच्या ठरावांवर लोटून आपल्या व्यवसायास मोकळे होता येणार नाही. फेरबदलाने विकास योजनेचे स्वरूप बदलता कामा नये, ही कलम 37 ची अट आहे. आणि ‘स्वरूपास बाधा येत नाही’ हा अभिप्राय टिपणीवर लिहिणारा हात आपल्यापैकीच कोणा नगररचनाकाराचा असतो. एकेक आरक्षण सुटे पाहिले तर ते किरकोळ भासते हे खरे. पण त्याच प्रभागात यापूर्वी किती मैदाने व बगीचे वगळले गेले, याचा तेरीज-ताळेबंद त्या टिपणीस जोडलेला आम्ही क्वचितच पाहिला आहे, आणि तो नसताना दिलेला अभिप्राय हा निव्वळ शिक्का होय. वरिष्ठांचा आग्रह होता ही सबब आमच्या अनेक सभासदांनी पुढे केली आहे. ती आम्हांला मान्य नाही.

तेव्हा आमची विनंती अशी : मागील वगळणुकींचा तक्ता आणि त्याच परिसरातील पर्यायी जागेचा ठावठिकाणा फायलीत असल्यावाचून अशा प्रस्तावावर अनुकूल अभिप्राय देऊ नका. सूचनेचा नकाशा, रस्त्यांच्या व परिसराच्या नित्याच्या नावांसह, त्या उद्यानाच्या फाटकावर मराठीत लावा; राजपत्राखेरीज अन्य रीतीनेही प्रसिद्धी देण्याची मुभा कायद्यातच आहे, त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि जे सभासद सरकारी सेवेत नाहीत, त्यांनी आपल्या गावच्या रहिवाशांना नकाशा वाचून दाखवण्यास व हरकत लिहून देण्यास, मुदत शिल्लक असतानाच, विनामूल्य पुढे यावे.