गणवेशातली लेखणी

ॲलेक्स हेली १९३९ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलात भोजनकक्षातले सेवक म्हणून भरती झाले. कृष्णवर्णीयांना तिथे याहून वरचे काम क्वचितच मिळे. जहाजावर ते सोबत्यांची प्रेमपत्रे लिहून देत. दलाने ही लेखणी ओळखली आणि त्यांना मुख्य पत्रकार केले. १९५९ मध्ये निवृत्त होऊन त्यांनी पुढे ‘रूट्स’ ही कादंबरी लिहिली. दुसरे उदाहरण पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या अल गोर यांचे: व्हिएतनाममध्ये लष्करी वार्ताहर असलेल्या गोर यांनी परतल्यावर नॅशव्हिलच्या ‘टेनेसीयन’ या वृत्तपत्रातून नगरसेवकांची लाचखोरी शोधून काढली. गणवेशात संस्थेची बाजू मांडायची असते, वृत्तपत्रात तिलाच जाब विचारायचा असतो. हे वळण अवघड आहे, पण जमते. म्हणून माजी सैनिक-पत्रकारांना संपादकांनी युद्धचर्चेपुरते बोलावू नये. महापालिका, न्यायालय, शेतीच्या बातम्यांवर धाडावे.