दिल्लीने लेखी उत्तर द्यावे

बेळगाव-वेंगुर्ले रस्त्याने हिंडलगा आणि सुळगा मागे टाकले की उचगाव फाटा लागतो. पुढे तुरमुरी, मग बाची, आणि बाची ओलांडली की शिनोळी. तिथे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र सुरू होतो. एवढ्याशा अंतरासाठी १९५६ पासून या भागातून दिल्लीला पत्रे जात आहेत. राष्ट्रपतींना, पंतप्रधानांना, गृहमंत्र्यांना. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या निवेदनांतून, आमदार-खासदारांच्या लेटरहेडवर, तरुणांच्या पोस्टकार्डांवर. हातात उरते ती पोच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाच्या न्यायालयीन बाजूवर या स्तंभात वेळोवेळी लिहीत आलो आहे. आज पत्रांवर लिहितो, कारण आपण पाठवलेल्या पत्राला कारणांसह उत्तर मागायचे असते, हेच आपण विसरत चाललो आहोत.

पहिले मोठे पत्र सरकारनेच लिहिले होते. २३ जून १९५७ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्याने राज्य पुनर्रचना कायद्याच्या आधारे केंद्राकडे निवेदन दिले आणि ८१४ गावे मागितली. गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, सलगता आणि लोकेच्छा ही सूत्रे महाराष्ट्र तेव्हापासून मांडत आला आहे. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या चार प्रतिनिधींची समिती झाली, तिच्यात एकमत झाले नाही. पुढे सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा कुठे २५ ऑक्टोबर १९६६ रोजी महाजन आयोग नेमला गेला. एका राज्य सरकारच्या निवेदनावर आयोग बसायला नऊ वर्षे लागली. आयोगाने १९६७ मध्ये निपाणी, खानापूर, नंदगडसह सुमारे २६४ गावे महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला, आणि संसदेने त्यावर कायदाही केला नाही.

त्याच १९५७ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत एक पत्रव्यवहार झाला. लिटल रॉक शहरातल्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवले. जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल यांनी तार करून त्या सैनिकांची तुलना हिटलरच्या ‘स्टॉर्म ट्रूपर’ तुकड्यांशी केली. रसेल यांची बाजू अन्यायाची होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आयझेनहॉवर यांनी काही दिवसांतच त्यांना लेखी उत्तर दिले. तुमची तुलना मला मुळीच समजत नाही असे स्पष्ट सांगितले, सैन्य का पाठवावे लागले याची कारणे दिली आणि कायद्याचा आधार मांडला. नकार होता, पण तो कारणांसह होता, आणि आज कोणालाही तो वाचता येतो.

आपल्याकडे असे कधी झालेच नाही असेही नाही. कुलाब्याचे खासदार आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत त्याची कारणे सविस्तर सांगितली. नेहरूंना त्यांचे आरोप मान्य नव्हते, आणि त्यांनी सभागृहातच तसे सांगितले. दोघांचेही म्हणणे संसदेच्या नोंदीत आहे. उचगाव, बेळगाव, निपाणीच्या वाट्याला असा लेखी वाद किती वेळा आला?

त्याचे एक कारण असे की आमच्या बाजूने लिहिणारा निवडून आलेला माणूसच आता राहिला नाही. एके काळी उचगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, समितीचे आमदार बंगळूरच्या सभागृहात बसत होते. २००८ च्या पुनर्रचनेत तो मतदारसंघ गेला आणि आम्ही बेळगाव ग्रामीणमध्ये आलो. २०१८ आणि २०२३ च्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. आपसातल्या फुटीमुळे ही वेळ आली, हे आपण मान्यच केले पाहिजे. म्हणून शब्द टाकायचा तो शेजारच्या महाराष्ट्रातल्या खासदारांकडे. बॅरिस्टर नाथ पै राजापूरचे खासदार होते, पण बेळगावचा प्रश्न त्यांनी आपला मानला. १७ जानेवारी १९७१ रोजी हुतात्मा दिनाच्या सभेसाठी ते बेळगावात आले, भाषण केले आणि १८ तारखेला इथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्यासारखा पाठपुरावा करणारा खासदार मला आज दिसत नाही.

राष्ट्रपतींनाच का लिहायचे, असे तरुण मुले विचारतात. कारण राज्यघटनेने सीमेचा आणि भाषेचा प्रश्न त्यांच्या नावाशी बांधला आहे. राज्यांच्या सीमा बदलणारे विधेयक कलम ३ नुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय संसदेत मांडता येत नाही. एखाद्या राज्यातील मोठ्या लोकसंख्येची मागणी असेल, तर तिच्या भाषेला राज्यात किंवा राज्याच्या काही भागात अधिकृत मान्यता देण्याचा निर्देश ते कलम ३४७ नुसार देऊ शकतात. कलम ३५०-अ मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाबद्दल आहे, त्यातही निर्देशांचा अधिकार त्यांचाच. आणि कलम ३५० प्रत्येक माणसाला हक्क देते की केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडावे. पंचायतीत किंवा तहसीलदार कचेरीत मराठी अर्ज कोणी परत केला, तर हे कलम दाखवा.

पण त्या कलमात मोठी उणीव आहे. लिहिण्याचा हक्क दिला, उत्तर देण्याचे बंधन घातले नाही. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, त्यामुळे त्यांच्या सचिवालयात आलेला अर्ज संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याच्या मुख्य सचिवांकडे पाठवला जातो. म्हणजे ज्या राज्य सरकारविरुद्ध तक्रार करायची, तिचा कागद फिरून त्याच सरकारच्या टेबलावर येतो आणि तिथेच राहतो. ही पद्धत अन्यायाची आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांबद्दलची तक्रार तरी राज्याकडे न पाठवता भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांनी तपासावी आणि ठरावीक मुदतीत लेखी निर्णय द्यावा. कलम ३५०-ब ने हे पद अशा बाबी तपासण्यासाठीच निर्माण केले आहे.

दावा न्यायालयात आहे, मग काय लिहायचे, असेही काही पुढारी म्हणतात. महाराष्ट्राचा २००४ चा दावा ८६५ गावांच्या सीमेबद्दल आहे. परिपत्रके, जमिनीचे उतारे, नोटिसा आणि बसवरच्या पाट्या मराठीतही असाव्यात, ही मागणी निकालाची वाट पाहत थांबवण्याची काहीच गरज नाही. ज्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे १९६१ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने मान्य केलेले सूत्र आहे. बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा असलेले लोक त्याहून जास्त आहेत.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून सहा मंत्र्यांची समिती नेमायचे ठरवले. त्या समितीने काय केले, हे विचारणारे पत्र या ६७ जणांपैकी प्रत्येकाने राष्ट्रपतींना आणि गृहमंत्र्यांना लिहावे, उत्तराची तारीख मागावी, आणि आलेले उत्तर वर्तमानपत्रांना द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल. आणि उचगावकरांनो, तुमच्या गावातून यापूर्वी गेलेल्या प्रत्येक निवेदनाची प्रत आणि पोच शोधून एका फाइलमध्ये लावा. खासदारांकडे जाल तेव्हा ती फाइल सोबत न्या.