वाळवंट पाहायला लडाखलाच कशाला?

वास्कोत आमच्या ओळखीपाळखीत हल्ली लडाखला जाऊन न आलेला माणूस शोधावा लागतो. मीही जाऊन आलो आहे, त्यामुळे चार शब्द बोलायला हरकत नसावी.

तिथली माझी सर्वात आवडती वाट मारखा खोऱ्यातली. स्किऊ, मारखा, हंकर अशी गावे घेत ती शेवटी पाच हजार मीटरहून उंच कोंगमारू खिंडीवर चढते. चहूबाजूंना उघडेबोडके डोंगर, आणि खाली नदीच्या काठाला तेवढी जवाची हिरवी शेते. लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्याकडे आषाढातल्या एका दिवसात तेवढा पडून जातो! तिथला माणूस बर्फाचे पाणी पाटाने शेतात नेतो आणि जगतो. ती वाट पर्यटकांसाठी कोणी आखलेली नाही, गावातून गावात जायची जुनीच वाट आहे. म्हणून तर तिच्यावर चालताना बरे वाटते.

परत आल्यावर एक स्नेही म्हणाले, "असले डोंगर आमच्या गोव्यात नाहीत हो."

माझे डोके फिरले ते इथे. नाहीत कसे? होते की! डिचोलीचा डोंगर बार्जीत भरून मांडवीतून आमच्या मुरगाव बंदरात येत होता आणि आम्ही सड्यावर उभे राहून बार्जी मोजत होतो. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झाले. मागे काय उरले ते शिरगावला जाऊन पाहा. लईराईच्या गावाभोवती खंदक, लाल मातीचे डंप, आणि आटलेल्या विहिरी. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात वाळवंट करून दाखवले आपण. लडाखचे वाळवंट निसर्गाने केले, हे आपले स्वतःचे.

खाणींवर घरे चालली हे मी नाकारत नाही. बार्जीवर पोट असलेली कितीतरी घरे वास्कोतच आहेत. पण २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि २०२४ साली डिचोलीतूनच परत सुरू झाल्या. मधल्या एवढ्या वर्षांत मोडलेल्या पायवाटा कोणी मोजल्या? टनांचा हिशेब मागणारे पुष्कळ भेटले, वाटेचा मागणारा एकही नाही. पेडण्यात मोपाच्या सड्यावर तेच झाले. २०२३च्या जानेवारीत विमाने उतरू लागली, सड्यावरच्या धनगरांच्या वाटा कुंपणाआड गेल्या. (त्याच विमानतळावरून आता आम्ही लेहची वाट धरणार. असो.)

ट्रेकिंगवाल्या मंडळींवर माझा राग एवढ्यासाठीच आहे. हजारो रुपये मोजून दुसऱ्याच्या गावातली पायवाट तुडवायची आणि आपल्या गावातली बुजली तरी पत्ता नाही. ग्रामसभेत जाऊन "गावच्या जुन्या वाटा चालून नकाशावर नोंदवा" एवढा ठराव मांडायला बूटसुद्धा लागत नाहीत.

येत्या रविवारी मी मये तळ्यावरून निघून लामगावच्या गुंफांपर्यंत चालत जाणार आहे. वाट मध्येच तुटली तर कुठे तुटली ते लिहून आणीन. कोणाला यायचे असेल तर वास्कोहून पणजीची पहिली बस पकडा, पुढे डिचोलीची मिळते. पाणी बरोबर घ्या, वाटेत विहिरीवर विसंबू नका.